अद्भुताची खतावणी

९ जून २०२४

प्रकल्पाचं स्वरूप एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. भाचा बंगळुरात असतो आणि फँटसीखेरीज दुसरं काही वाचत नाही. मी अभिजात म्हणतात त्या पुस्तकांच्या कुंपणाबाहेर फारशी गेलेली नाही. तर त्याने मला फँटसी सुचवायची, मी त्याला अभिजात. वाचून झालं की दोघांनी या सामायिक फाइलीत लिहायचं. तो लिहिणार नाही हे मला आत्ताच दिसतंय. त्याचं म्हणणं फोनवर येईल आणि मीच उतरवून घेईन.

नोंदीचा नमुना माझा. नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली, त्यामुळे कोरा कागद दिसला की हात रकाने पाडायला लागतो. रकाने चार: पुस्तक कोणतं, त्यातला चमत्कार कोणता, लाभ कोणाला, आणि किंमत कोणाच्या नावे पडली. भाचा म्हणाला, "अगं मावशी, आपण पुस्तकं वाचतोय. ऑडिट नाही करत." म्हटलं, बघू या.

पहिलं पुस्तक दोघांना एकच: फ्रँकेन्स्टाइन. ते त्याच्या यादीत बसतं आणि माझ्याही.

१८ जून

वाचून झालं. आधी थोडा तपशील, कारण तो पुस्तकाइतकाच विलक्षण आहे. १८१५ च्या एप्रिलात इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा म्हणून आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुट्टीला आलेली कवी मंडळी पावसामुळे घरात अडकली आणि प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. या पुस्तकाची लेखिका मेरी शेली तेव्हा अठरा वर्षांची. पुस्तक निघालं जानेवारी १८१८ मध्ये, ५०० प्रती, लेखिकेच्या नावाशिवाय.

आता खतावणी. चमत्कार: मेलेल्या हाडामांसात प्राण. लाभ: कागदोपत्री मानवजातीला, प्रत्यक्षात तो प्राण घालणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या अहंकाराला. किंमत: इथे मी दोन दिवस थांबले.

सगळे बोलतात ते त्या राक्षसाबद्दल. मला सोडवेना ती जस्टिन मॉरिट्झ. व्हिक्टरच्या घरी कामाला असलेली मुलगी. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा खून होतो आणि त्याच्या गळ्यातली आईची तसबीर जस्टिनच्या खिशात सापडते. ती झोपेत असताना कोणी ठेवली हे वाचकाला पुढे कळतं. ती रात्र तिने बाहेर का काढली? पोराला शोधता शोधता उशीर झाला, जिनिव्हाच्या वेशीचे दरवाजे बंद झाले, म्हणून एका गोठ्यात पडून राहिली. एवढा साधा जबाब. पण त्याला साक्षीदार नाही. मग तिचा कबुलीजबाब घेणारा पाद्री नरकाची नि बहिष्काराची भीती घालघालून, न केलेला गुन्हा तिच्याकडून कबूल करून घेतो. फाशी.

व्हिक्टरला खुनी कोण ते ठाऊक आहे. तो गप्प बसतो, कारण सांगितलं तर लोक वेडा म्हणतील. त्यावर कडी म्हणजे तो आपल्याला सांगतो की माझे हाल तिच्यापेक्षा जास्त होते, तिला निदान आपल्या निरपराधपणाचा आधार होता! हे वाक्य मी पुन्हा मागे जाऊन वाचलं. लेखिकेने ते त्याच्या तोंडी घातलंय आणि पुढे एक अक्षर बोलत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला हा संयम कुठून आला असेल?

जाता जाता: १८३१ च्या सुधारित आवृत्तीत व्हिक्टरचा जिवलग मित्र क्लर्व्हल संस्कृत शिकतो. आपल्याला बरं वाटायला लागतं तेवढ्यात कळतं की त्याला हिंदुस्थानात यायचंय ते युरोपीय वसाहतीला नि व्यापाराला हातभार लावायला. एल्फिन्स्टन मुंबईची गव्हर्नरी सोडून गेला १८२७ मध्ये. म्हणजे कादंबरीतला हा साळसूद, कविताप्रेमी तरुण जगला असता तर आपल्याकडेच कुठेतरी कलेक्टर झाला असता.

२३ जून

भाच्याचा फोन. त्याला जस्टिन आठवतच नव्हती. "ती कोण गं?" म्हणाला. पुस्तक त्याने आठवड्यापूर्वी संपवलं आहे. हे चौथ्या रकान्याच्या शेऱ्यात लिहून ठेवते.

७ जुलै

अर्थसी मालिकेतलं पहिलं पुस्तक, उर्सुला ल ग्विनचं, १९६८ चं. भाच्याने पाठवताना एवढंच सांगितलं की पहिल्या दहा पानांत तुझी माणसं भेटतील.

भेटली. गाँट बेटावरच्या डोंगराळ गावात एक आईवेगळा पोरगा, आणि त्याला जादूचे पहिले शब्द शिकवते ती त्याची मावशी, गावची चेटकीण. शेळ्यांना बोलावायचा मंत्र तो चोरून ऐकतो आणि म्हणून बघतो. शेळ्या येतात, त्याच्याभोवती दाटी करतात आणि हटायचं नाव घेत नाहीत. शिंगं अंगाला टेकलेली, पोरगं रडकुंडीला आलेलं, नि त्याच अवस्थेत सगळा कळप गावात. मावशी येते आणि सोडवते. मंत्र घालायला कोणालाही येतो, उतरवायला मात्र मोठं माणूस लागतं. पुढचं अख्खं पुस्तक या शेळ्यांत आहे.

या जगात जादू फुकट नाही. रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत तो हस्तगुरूला विचारतो, खड्याचा हिरा खरोखर करता येईल का, नुसता भास नको. गुरू सांगतो: येईल, पण त्यासाठी खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि एवढासा खडा बदलला तरी जग बदलतं. दुसरा गुरू सांगतो की रोकवर पाडलेला पाऊस ऑस्किलमध्ये दुष्काळ होऊन उतरू शकतो. माझ्यासारखीला आणखी काय हवं? प्रत्येक जमेला नावे.

मग पोरगा, म्हणजे गेड, एका श्रीमंत सहाध्यायाला खिजवायला म्हणून मेलेल्या राणीला बोलावून दाखवतो. त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते. फट बुजवतो तो वृद्ध महाजादूगार नेमर्ल, आणि त्यातच मरतो. गेड वाचतो, चेहऱ्यावर व्रण घेऊन.

फ्रँकेन्स्टाइनशेजारी ठेवून पाहिलं तर दोन्हीकडे एका हुशार मुलाने मस्तीत मृत्यूचं दार उघडलंय आणि पहिली किंमत दुसऱ्याने भरली आहे. फरक पुढे पडतो. व्हिक्टर आपल्या निर्मितीपासून पळतो आणि नंतर सूड म्हणून तिच्या मागे लागतो, पण ती माझी आहे असं शेवटपर्यंत म्हणत नाही. गेडही आधी पळतोच. मग त्याचा पहिला गुरू ओजिअन सांगतो, उलटा फिर. शेवटी भर समुद्रात, व्हेच नावाच्या मित्राच्या साक्षीने, तो सावलीला गाठतो आणि तिला स्वतःचंच नाव घेऊन हाक मारतो. थकबाकी कोणाची ते मान्य केलं.

या पुस्तकात गेड तांबूस-सावळा आहे, व्हेच काळा आणि लुटायला येणारे कार्ग लोक गोरे. १९६८ साली, अमेरिकेत. भाचा म्हणतो, किती मुखपृष्ठांवर त्याला गोरा करून ठेवला होता ते शोध. शोधलं. जीव चडफडला.

एक खटकलं. त्या बेटावर म्हण आहे की बायकांची जादू दुबळी, बायकांची जादू दुष्ट. ज्या मावशीने शेळ्या सोडवल्या तिच्या विद्येला पुस्तक दोन-चार पानांत हसून मोकळं होतं. पेन्सिलने खूण करून ठेवली आहे.

२१ जुलै

आषाढी झाली, पाऊस लागून राहिलाय, बाहेर जाणं नाही. आपल्याकडच्या अद्भुत कादंबऱ्या काढल्या.

१८६१ ची 'मुक्तामाला', लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची. १८६८ ची 'मंजुघोषा', नारो सदाशिव रिसबूडांची. कथानकं सांगत बसत नाही. राजपुत्र, राजकन्या, विरह, योगायोग, आणि सगळं गोड. चमत्काराचा रकाना भरून वाहतो. किंमतीचा कोरा. कोणाला काही पडत नाही, पडलं तर दुष्टाला, आणि तो दुष्टच असल्यामुळे हिशेबात धरायचा नाही.

पण रिसबूडांनी प्रस्तावनेत जे लिहून ठेवलंय ते कादंबरीपेक्षा जास्त वेळ डोक्यात राहिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की आमच्या लग्नाच्या चालींमुळे नि इतर कारणांनी आम्हा हिंदूंच्या आयुष्यात मन गुंतवील असा दुर्गुणही नाही आणि सद्गुणही नाही. रोजचं लिहावं तर त्यात रंजक काही निघत नाही. म्हणून करमणुकीचं पुस्तक करायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं.

केवढं मोकळेपणी सांगितलंय! बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. १८५७ चं ते पुस्तक विधवांच्या हालांनी भरलेलं आहे. ते मिशनरी हेतूने लिहिलेलं, उपदेशाने जड, सगळं कबूल. पण रोजच्या आयुष्यात लिहिण्याजोगं काही नाही असं ते वाचून कोणी म्हणू शकत नाही. रिसबूडांना दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. दिसत होतं ते करमणुकीत बसत नव्हतं. अद्भुताचा हा उपयोग मी नोकरीत पुष्कळ पाहिलाय: नको असलेली नोंद झाकायला वर एक देखणं पान लावायचं.

तेव्हा फँटसीवर पळपुटेपणाचा आरोप होतो तो सरसकट खोटा नाही. 'मंजुघोषा'बद्दल तो खरा आहे. अर्थसीबद्दल नाही. आणि दोहोंतला भेद ड्रॅगन किती आहेत यावर ठरत नाही.

११ ऑगस्ट

भाच्याला दिलं होतं हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो'. 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आलेली कादंबरी, यमू स्वतःच स्वतःची हकीकत सांगते. मला खात्री होती की तो वीस पानांत सोडेल. भाषा जुनी, घरात माणसं मावत नाहीत इतकी.

रात्री सव्वाअकराला फोन. "मावशी, हे हॉरर आहे. तू सांगितलं का नाहीस?"

यमूचं केशवपन जिथे होतं तिथपर्यंत तो आला होता. म्हणाला, सुरुवातीला ती लहान असताना सगळं हसतखेळत चाललेलं असतं, भावंडांची भांडणं, दुर्गीबरोबरच्या गप्पा, आणि तेव्हापासूनच आपल्याला कळत असतं की घरातलं काहीतरी हिला गिळणार आहे. दार कुठलं उघडेल तेवढंच माहीत नसतं. भयकथेच्या वाचकाने हे अचूक पकडलं. मी आजवर ही कादंबरी सामाजिक म्हणून वाचली, अभ्यासक्रमात तशीच लावतात म्हणून. तिच्यातल्या भीतीची रचना कधी न्याहाळली नव्हती. यमू गोष्ट सांगते म्हणजे ती तोवर जिवंत आहे, एवढाच दिलासा वाचकाला असतो, आणि हरिभाऊ तोही फार काळ टिकू देत नाहीत.

रिसबूडांच्या प्रस्तावनेला उत्तर बावीस वर्षांनी आलं, असं मी याच्याकडे बघते. चमत्कार एकही नाही. चौथा रकाना पुरत नाही.

१ सप्टेंबर

मिस्टबॉर्न, ब्रँडन सँडरसन, २००६. भाच्याचा देव. जाड पुस्तक, पण पानं उलटतात हे मान्य.

आकाशातून सतत राख पडणारं एक साम्राज्य. काही माणसांना धातूचा कीस पोटात घेऊन तो 'जाळता' येतो. लोखंड जाळलं की धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलाद जाळलं की लोटता येतो. लोटायचं ते आपल्या वजनाने, त्यामुळे समोरची वस्तू जड असेल तर आपणच मागे फेकले जातो. नियम इतके चोख की कोणत्याही मारामारीत कोण कुठे उडेल हे वाचकालाही मांडता यावं. भाचा म्हणतो, "बघ, तुझी किंमत आहे की नाही? धातू संपला की पॉवर संपली."

मी म्हटलं, ते इंधन आहे. गाडीत पेट्रोल संपलं तर मी त्याला किंमत म्हणत नाही. पेट्रोलपायी कोणाची जमीन गेली ती किंमत.

यावर तो तीन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "हाथसिनच्या खाणी."

बरोबर होतं. साम्राज्यातला सगळ्यात मौल्यवान धातू, एशियम, ज्या खड्ड्यांतून निघतो तिथे कैदी आठवड्याला एक तरी गोटा शोधून आणतात, नाहीतर मारले जातात. नायक केल्सियरची बायको तिथेच मेली. सरदारांच्या पोटात जाणारा तो चकचकीत कण कोणाच्या हातांनी निघाला हे पुस्तकाला पक्कं ठाऊक आहे. फक्त मी मारामाऱ्यांच्या ओघात ते पान भराभरा ओलांडलं होतं, आणि त्याला ते तोंडपाठ होतं. जस्टिनची बाकी त्याने वळती केली.

तरी एक तक्रार राहतेच. इतके नीट समजलेले नियम वाचताना अद्भुताचा जो एक थरकाप असतो तो येत नाही. ओजिअन पावसात भिजत बसतो, पाऊस हटवू शकत असूनही. त्या एका पानात मला जास्त जादू वाटली.

१० सप्टेंबर

गणपतीला भाचा घरी. दुपारी उकडीचे मोदक झाल्यावर 'युगान्त'मधला मयसभेवरचा लेख मोठ्याने वाचला. इरावतीबाईंचं पुस्तक १९६७ चं. अर्थसीच्या एकच वर्ष आधीचं. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, आणि ल ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर हेही त्याच शास्त्रातलं मोठं नाव. माणसं एकत्र कशी राहतात नि कोणाला वेशीबाहेर ठेवतात हे बघायची सवय दोघींच्या लिहिण्यात दिसते.

महाभारतातला सगळ्यात देखणा चमत्कार म्हणजे मयसभा. जमीन वाटावी तिथे पाणी, पाणी वाटावं तिथे जमीन. ती आली कुठून? खांडववनातून. अग्नीला श्वेतकी राजाच्या यज्ञांतलं तूप खाऊन अजीर्ण झालं होतं, उतारा म्हणून त्याला वनातले जीव हवे होते. कृष्ण आणि अर्जुन वनाच्या दोन बाजूंनी उभे राहिले आणि पळणारं प्रत्येक जनावर, पक्षी, नाग परत आगीत ढकलला किंवा मारला. तक्षक तेव्हा तिथे नव्हता. त्याची बायको पोराला गिळून उडून जाऊ पाहते, अर्जुन तिचं डोकं उडवतो. वाचले सहा: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय, आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. मयाला जीवदान मिळालं, त्याच्या बदल्यात सभा.

इरावतीबाई अग्नीच्या अजीर्णावर थांबत नाहीत. त्या विचारतात, एवढी निर्दय कत्तल कशासाठी? आणि उत्तर जमिनीपाशी नेतात. जंगल साफ करायचं होतं, आणि जंगलात आधीपासून कोणीतरी राहत होतं.

भाचा ताटातलं तूप बोटाने गोळा करत ऐकत होता. म्हणाला, मग हे कॅरी फॉरवर्ड होत जातं ना? झालंच की. अश्वसेन कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर येतो. परिक्षिताला मारतो तो तक्षक. त्यावर जनमेजयाचं सर्पसत्र. आणि महाभारत सांगितलं जातं तेच मुळी त्या सर्पसत्रात, जळणाऱ्या नागांच्या शेजारी बसून. पिढ्यान्‌पिढ्या पुढे ओढलेली अशी बाकी मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही.

"नि ही फँटसी तू मला इतकी वर्षं पुराण म्हणून विकत होतीस," असं म्हणून तो पाचवा मोदक घ्यायला उठला.

२२ सप्टेंबर

ड्रॅक्युला, १८९७. पुन्हा वाचलं, निव्वळ मजेसाठी. लोकांना दात आठवतात. मला त्यातली कागदपत्रं आवडतात. काउंटकडे, म्हणजे ड्रॅक्युलाकडे, इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक आहे. तो मातीच्या ५० पेट्या जहाजाने मागवतो आणि पुढे त्या कोणत्या घरी किती गेल्या हे तरुण वकील हार्कर हमाल-गाडीवाल्यांना चहापाणी देऊन, पावत्या जुळवून शोधून काढतो. पिशाच सापडतं ते डिलिव्हरीच्या नोंदींवरून! त्याची बायको मीना सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून तारखेवार लावते, आणि काउंट मूळ कागद जाळून टाकतो तेव्हा तिची प्रत तिजोरीत असते म्हणून निभावतं. शेवटी हार्कर लिहितो की आमच्याकडे अस्सल दस्तऐवज असा जवळजवळ एकही नाही, नुसता टाइप केलेला मजकूर. तपासणीत असा अहवाल मी परत पाठवला असता.

काउंटने रक्त शोषलेल्या ल्यूसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चार पुरुष आळीपाळीने रक्त देतात. रक्तगटांचा शोध कार्ल लँडश्टायनरने जाहीर केला १९०१ मध्ये. तेव्हा तिला नेमकं कोणी मारलं, यावर भाच्याशी अर्धा तास वाद.

६ ऑक्टोबर

टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज, तिन्ही खंड, १९५४-५५. गेल्या महिन्यापासून चालू होतं. नोंद मुद्दाम आज करतेय, कारण ६ ऑक्टोबरला नायक फ्रोडोला वेदरटॉप टेकडीवर सुरा लागतो, आणि पुढे त्याच तारखेला खांदा दुखू लागतो.

किंमतीचा विचार इतक्या सरळपणे करणारं दुसरं फँटसीतलं पुस्तक मला ठाऊक नाही. अंगठी नष्ट करायला गेलेला फ्रोडो ऐन कड्यावर ती माझी म्हणतो. हरतो. त्या अंगठीने झपाटलेला गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो, म्हणून जग वाचतं. घरी परतल्यावर त्याचा मुलूख, शायर, पुन्हा हिरवा होतो, सोबती सॅमचा संसार होतो, आणि फ्रोडोला तिथे राहवत नाही. काही गोष्टी दुसऱ्यांना लाभाव्यात म्हणून कोणाला तरी त्या सोडाव्या लागतात, असं तो सॅमला सांगतो नि जहाजात बसून जातो. विजयाच्या पुस्तकात इतकी दमलेली शेवटची पानं! दोन महायुद्धं पाहिलेल्या माणसाने लिहिलंय हे विसरता येत नाही. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता.

मोरियाच्या खाणीत जादूगार गॅन्डाल्फ सहज बोलून जातो की फ्रोडोच्या नात्यातल्या बिल्बोला मिळालेल्या, मिथ्रिल या दुर्मीळ धातूच्या कवचाची किंमत अख्ख्या शायरपेक्षा जास्त होती. फ्रोडो अंगरख्याखाली तेच घालून चाललेला असतो. चकार शब्द काढत नाही. हे मला फार आवडलं.

पण शत्रूच्या सैन्यातल्या राक्षसी ऑर्कांचं काय? भाचा म्हणतो, ते वाईटच बनवलेले आहेत, त्यांना हिशेबात धरायचं नसतं. म्हणजे रिसबूडांचा दुष्ट पुन्हा आला. गंमत अशी की टॉल्किनलाही ते पुरतं पटलेलं नसावं. इथिलियनच्या जंगलात दक्षिणेकडचा एक सैनिक सॅमच्या पायाशी मरून पडतो आणि सॅमच्या मनात येतं: याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, कोणत्या थापा किंवा धमक्या देऊन याला घरापासून इतक्या लांब आणलं असेल? तो माणूस आहे म्हणून हा विचार, असं म्हणावं, तर थोड्याच पानांनंतर गोर्बाग नि शाग्राट हे दोन ऑर्क अंधारात बोलत बसतात: लढाई संपली की चार भरवशाचे गडी घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे मोठे साहेब नसतील. माझ्या शाखेतले शिपाई निवृत्तीबद्दल याच सुरात बोलायचे. हे संभाषण लिहिल्यावर ऑर्कांना रकान्याबाहेर कसं ठेवणार? ऑर्क मुळात काय, कुठून आले, यावर टॉल्किन आयुष्याच्या अखेरपर्यंत मतं बदलत राहिला.

भाच्याला हे पटलेलं नाही. नोंद करून ठेवते: मतभेद कायम.

२० ऑक्टोबर

मधे एक लघुकथा पाठवली त्याने, ल ग्विनचीच, १९७३ ची, ओमेलास सोडून जाणाऱ्यांबद्दलची. सुखी शहर, आणि त्या सुखाची अट म्हणून तळघरात कोंडलेलं एक मूल. "मावशी, तुझा चौथा रकाना!" असा मजकूर सोबत.

हो, आहे. म्हणूनच कदाचित मला कमी भावली. एक मूल, एक शहर, अट सगळ्यांना तोंडपाठ. इतका स्वच्छ ताळेबंद कुठे मिळतो? जस्टिनच्या बाबतीत गावाला ठाऊकच नव्हतं की ती कोणाची किंमत भरतेय. यमूच्या घरात तर प्रत्येकाला वाटत होतं की आपण तिच्या भल्याचंच करतोय.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या गडबडीत लागलेलं पुस्तक काल संपलं. तेहानू, १९९०. पहिल्या अर्थसीनंतर बावीस वर्षांनी लेखिका त्याच बेटांवर परत आली आहे, आणि यायचं कारण माझ्या पेन्सिलच्या खुणेजवळचं आहे.

मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाची नायिका तेनार आता अधेड वयाची, शेतकऱ्याची विधवा. तिने एक मुलगी सांभाळायला घेतलीय, थेरू. घरच्याच माणसांनी अत्याचार करून आगीत टाकलेलं पोर, अर्धा चेहरा जळलेला, एक डोळा गेलेला, एका हाताची मूठ वळून बसलेली. गेड ड्रॅगनच्या पाठीवरून येतो तो सगळी शक्ती घालवून. आणि पुस्तकभर जादूगार जवळजवळ काहीच करू शकत नाहीत. काम चालतं ते मॉस नावाच्या गावठी चेटकिणीच्या, आणि तेनारच्या हातांनी. चूल, शेळ्या, धुणं, जखमेला मलम. पहिल्या पुस्तकात ज्या विद्येला हसून सोडून दिलं होतं तिचीच ही फेरतपासणी. स्वतःच्या गाजलेल्या जगाची इतकी कडक तपासणी करणारा दुसरा लेखक चटकन आठवत नाही.

शक्ती गेलेला गेड लाजून डोंगरावर जातो आणि शेळ्या राखतो. पहिल्या पुस्तकात याच शेळ्यांनी त्याला घेरलं होतं. त्या प्रसंगाला बाई नुसता धक्का लावून पुढे जातात, काही बोलून दाखवत नाहीत.

तक्रार एकच: शेवट घाईत आहे. संकट शिगेला पोचतं आणि ड्रॅगन येऊन सोडवतो. भाचा उलट म्हणतो की तो शेवट पहिल्या पानापासून पेरलेला आहे, त्या पोरीचं आणि आगीचं नातं परत बघ. बघेन.

१७ नोव्हेंबर

पुढचा जोडा ठरला. त्याला विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ चं. जहाजावर युरोपातून पळालेले ज्यू, आणि चक्रधर-हॅर्टा. त्यात चमत्कार कुठेय असं त्याने विचारलंच. म्हटलं, आधी वाच. पाठकोऱ्या कागदावरचा रकाना तू भर.

मला तो दहा खंडांची एक मालिका गळ्यात मारू पाहतोय. "चौथ्या खंडापासून जबरदस्त होते" अशी शिफारस आहे. तीन खंडांपलीकडचं काही मंजूर होणार नाही असं लेखी कळवलं आहे, आणि ऑर्कांचा रकाना मी खोडणार नाही हेही.